इंग्रजीतील दोन अवयवांच्या शब्दांचे वाचन आणि मराठी मुलाचे अक्षरज्ञान : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये इंग्रजीचा आरंभ पूर्वी इयत्ता पाचवीत होत असे. सन २००० पासून तो इयत्ता पहिलीत होऊ लागला. त्या वर्षी पहिलीत दाखल झालेली मुले खंड न पडता शिकली असतील, तर २०१२ मध्ये पदवीच्या प्रथम वर्षात आली. म्हणजे बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेले विद्यार्थी महाविद्यालयाच्या वर्गांत बसू लागल्यालाही आता बराच काळ लोटला आहे. तरीही आवश्यक इंग्रजीच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्यास उतारा वाचावयास सांगितला की एक अनुभव वारंवार येतो. लहान शब्द तो सहज वाचतो. शब्द जरा लांबला की थबकतो, पहिल्या दोन-तीन वर्णांवरून काहीतरी अंदाज करतो, किंवा शब्द गाळून पुढे जातो. गाळलेला शब्द बहुधा वाक्यातील अर्थवाही शब्द असतो. त्यामुळे वाचन होते, परंतु आकलन होत नाही.

या अडचणीचे मूळ पदवीच्या वर्गात नाही. ते प्राथमिक शाळेत, एका अवयवाच्या शब्दावरून दोन अवयवांच्या शब्दाकडे जाण्याच्या पायरीवर आहे. 'कॅट', 'सन', 'पेन' असे शब्द मूल पाहून पाठ करू शकते, कारण ते थोडे आहेत. पुढे शब्दसंख्या वाढत जाते आणि प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करणे अशक्य होते. तेथे शब्द फोडून वाचण्याची रीत हाती नसेल, तर मूल कायमचे मागे पडते. प्रस्तुत लेखात ही रीत मराठी मुलाला कशी शिकवता येईल आणि त्यासाठी त्याचे मराठीचे ज्ञान कोठे साह्य करते व कोठे अडथळा आणते, याचे विवेचन केले आहे. देवनागरी मुद्रणाच्या सोयीसाठी इंग्रजी शब्दांचे वर्ण त्यांच्या नावांनी, मध्ये संयोगचिन्ह देऊन लिहिले आहेत.

'अक्षर' या एका शब्दाचे तीन अर्थ

मराठीत आपण 'अक्षर' हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरतो. इंग्रजी लिपीतील सव्वीस चिन्हांना आपण अक्षरे म्हणतो. देवनागरीतील 'का', 'स्के', 'त्ती' यांनाही अक्षरेच म्हणतो. आणि भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहासही, म्हणजे इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात त्यालाही, अक्षर हीच संज्ञा अनेकदा योजलेली आढळते. येथे घोटाळा टाळण्यासाठी पहिल्यास 'वर्ण', दुसऱ्यास 'अक्षर' आणि तिसऱ्यास 'शब्दावयव' किंवा नुसते 'अवयव' म्हटले आहे.

हा केवळ परिभाषेचा प्रश्न नाही. देवनागरीतील अक्षर आणि तोंडातील शब्दावयव एकच आहेत असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते पुष्कळदा वेगळे असतात. 'घर' या शब्दात अक्षरे दोन, परंतु अंत्य अकाराचा उच्चार होत नसल्याने अवयव एकच. 'गवत' तीन अक्षरांचा, पण उच्चारात 'ग-वत्' असा दोन अवयवांचा. जोडाक्षरात तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. 'रस्ता' आपण 'र-स्ता' असा लिहितो, पण बोलताना 'रस्-ता' असा तोडतो. 'हत्ती' लिहिताना 'ह-त्ती', बोलताना 'हत्-ती'. 'पुस्तक' लिहिताना 'पु-स्त-क', बोलताना 'पुस्-तक्'.

मराठी विभागातील सहकाऱ्यांना याचा पुरावा छंदःशास्त्रात सापडेल. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर, त्यावर आघात येत असल्यास, गुरू मानावे हा नियम आपण लगक्रम शिकवताना सांगतो. 'पुस्तक' मधील 'पु' गुरू का होतो? कारण पुढच्या 'स्त' मधील 'स्' उच्चारात मागच्या 'पु' ला जाऊन मिळतो आणि तो अवयव बंद करतो. लिपीने जे व्यंजन पुढच्या अक्षरात बांधले आहे, ते कानाने मागच्या अवयवात ठेवले आहे. वृत्तात कानाचे मानले जाते, लिपीचे नाही.

अडथळा डोळ्यात, साह्य तोंडात

ही गोष्ट इंग्रजीच्या वर्गात कशी उपयोगी पडते ते पाहू. इंग्रजीत दोन स्वरवर्णांच्या मध्ये दोन व्यंजने आली, तर बहुधा पहिले व्यंजन मागच्या अवयवात आणि दुसरे पुढच्या अवयवात जाते. बी-ए-एस-के-ई-टी हा शब्द 'बी-ए-एस' आणि 'के-ई-टी' असा फुटतो. पहिला अवयव व्यंजनाने बंद झाला असल्याने त्यातील स्वर सामान्यतः ऱ्हस्व राहतो. एन-ए-पी-के-आय-एन या शब्दात 'एन-ए-पी' हा बंद अवयव 'नॅप्' असाच वाचावयाचा असतो. हे कळले की मुलाला आधीच येत असलेल्या 'कॅप', 'मॅप' यांसारख्या शब्दांचे ज्ञान येथे कामास येते.

परंतु देवनागरीच्या सवयीने वाचणाऱ्या मुलाचा डोळा व्यंजनांचा पुंज पुढच्या स्वराशी जोडू पाहतो, कारण जोडाक्षराची घडण तशीच आहे. तो 'ना-पकि-न' किंवा 'ने-पकिन' अशा वाटेने जाण्याचा संभव असतो. पहिल्या अवयवाला त्याचे बंद करणारे व्यंजन मिळत नाही, म्हणून स्वर चुकतो. स्वर चुकला की शब्द ओळखता येत नाही. कन्नड भाषक मुलांच्या प्रारंभिक वाचनाचा सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उद्बोधक आहे. अक्षरप्रधान लिपी शिकणाऱ्या मुलांना शब्दावयवांचे भान लवकर येते, सुट्या ध्वनीचे भान मात्र सावकाश येते, असे त्यात दिसून आले. देवनागरीही त्याच कुळातील लिपी आहे. याचा अर्थ असा की इंग्रजी शब्द एकेका वर्णाने फोडण्यापेक्षा अवयवांनी फोडणे मराठी मुलाला अधिक जवळचे आहे. केवळ ते अवयव लिपीचे नसून उच्चाराचे असले पाहिजेत.

सुदैवाने उच्चाराचे अवयव मुलाकडे तयारच आहेत. 'प्लास्टिक' हा शब्द भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यातील मुलाच्या तोंडी आहे आणि ते तो 'प्लास्-टिक्' असाच बोलते. 'पब्लिक', 'पिकनिक', 'हेल्मेट', 'ट्रॅक्टर', 'डॉक्टर' हे शब्दही तसेच. पी-यू-बी-एल-आय-सी हा शब्द जेथे तोडावयाचा, तेथेच मुलाचे तोंड तो आधीपासून तोडत असते. म्हणून अध्यापनाचा आरंभ तोंडातील विभागणीवरून करावा आणि ती कागदावर उतरवावी, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

दोन रूढ पद्धतींचा विचार

सध्या बहुतेक वर्गांत दोन पद्धती दिसतात. पहिली स्पेलिंग घोकण्याची : 'आर-ए-बी-बी-आय-टी, रॅबिट, रॅबिट म्हणजे ससा'. या सुरात वर्णांची नावे येतात, पण नावांतून उच्चार निघत नाही. पाठ केलेला शब्द तेवढा येतो. न घोकलेला शब्द समोर आला की मूल रिकाम्या हाताने उभे राहते.

दुसरी पद्धत इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिण्याची. तिच्यामागे शिक्षकाची मदत करण्याची इच्छा असते. परंतु खाली 'बास्केट' लिहिले की मुलाचा डोळा खालचेच वाचतो; वरच्या सहा वर्णांकडे पाहण्याचे कारण उरत नाही. शिवाय 'बा-स्के-ट' ही लिपीची विभागणी पुन्हा डोळ्यावर ठसते, आणि नेमकी तीच विभागणी इंग्रजी वाचनात आड येते. देवनागरीचा आधार द्यावयाचाच असेल, तर तो फळ्यावर 'बास्ï-केट्' असा हलन्त चिन्हासह, अवयव तोडून द्यावा आणि शब्द वाचून होताच पुसून टाकावा.

अध्यापनाचा क्रम

ही रीत शिकवण्यापूर्वी मुलाला तीन वर्णांचे साधे शब्द आणि एस-एच, सी-एच, टी-एच, सी-के या जोड्यांचे उच्चार यावयास हवेत. सामान्यतः दुसरी-तिसरीच्या सुमारास पुढील क्रम हाती घेता येईल.

१. अवयव ऐकणे. आरंभी पुस्तक मिटलेले असावे. ओळखीचे शब्द बोलून प्रत्येक अवयवास एक टाळी वाजवावी. लिहिता येणारे मूल 'घर' ला दोन टाळ्या वाजवू शकते, कारण ते मनात अक्षरे मोजते. अशा वेळी हाताचा पंजा हनुवटीखाली आडवा धरून शब्द सावकाश बोलावा. प्रत्येक स्वराला हनुवटी खाली येते. 'घर' ला ती एकदाच येते, 'रस्ता' ला दोनदा. या साध्या युक्तीने मूल लिपी सोडून उच्चाराकडे वळते.

२. स्वर शोधणे. फळ्यावरील शब्दात ए, ई, आय, ओ, यू या वर्णांखाली ठिपका द्यावा. शब्दात स्वरध्वनी जितके, तितके अवयव, हे मुलांनी स्वतः मोजून पाहावे. शेवटी वाय आल्यास तोही स्वराचे काम करतो हे पुढे सांगावे. शब्दान्ती मूक राहणारा ई, तसेच आर-ए-आय-एन यासारख्या शब्दांत एकच ध्वनी देणारी स्वरवर्णांची जोडी, हे अपवाद स्वतंत्रपणे शिकवावेत; पहिल्या धड्यात आणू नयेत.

३. दोन व्यंजनांच्या मध्ये रेघ. दोन ठिपक्यांच्या मध्ये दोन व्यंजने असतील, तर त्यांच्या मध्ये उभी रेघ ओढावी. उजवा भाग कागदाच्या पट्टीने झाकून डावा वाचावा, नंतर डावा झाकून उजवा वाचावा, शेवटी पट्टी काढून दोन्ही जोडावेत. एस-एच, सी-के अशा जोड्यांच्या मध्ये मात्र रेघ येत नाही, कारण तेथे वर्ण दोन असले तरी ध्वनी एक आहे. डेव्हिन कर्न्स यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजीतील अशा विभागणीच्या नियमांची मोठ्या शब्दसंग्रहावर पडताळणी केली. दोन व्यंजनांमधील विभागणीचा नियम पुष्कळच भरवशाचा, तर एका व्यंजनाचा नियम कमी भरवशाचा ठरला. म्हणून आरंभ पहिल्या नियमाने करणे इष्ट.

४. द्वित्त व्यंजन. आर-ए-बी / बी-आय-टी अशी रेघ ओढल्यावर मराठी मूल 'रॅब्बिट' म्हणते, 'हॅप्पी', 'डिन्नर' म्हणते. हा निष्काळजीपणा नव्हे. 'पक्का', 'कच्चा', 'दिल्ली' या शब्दांत मराठी द्वित्ताचा उच्चार खरोखर दुहेरी करते. मूल तोच नियम येथे लावते. इंग्रजीत असे द्वित्त उच्चारासाठी नसते, मागचा स्वर ऱ्हस्व आहे हे सांगण्यासाठी असते. एस-यू-पी-ई-आर 'सुपर' आणि एस-यू-पी-पी-ई-आर 'सपर' ही जोडी फळ्यावर शेजारी लिहिली की मुलांना दुसऱ्या पी चे काम दिसते : तो बोलत नाही, मागच्या स्वराला आवरतो.

५. एक व्यंजन. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल, तर निश्चित नियम नाही. पी-ए-पी-ई-आर मध्ये पहिला अवयव खुला राहतो आणि स्वर दीर्घ होतो. टी-आय-जी-ई-आर मध्येही तसेच. पण आर-आय-व्ही-ई-आर आणि एल-ई-एम-ओ-एन मध्ये स्वर ऱ्हस्व असतो. येथे मुलाला दोन प्रयत्न करण्यास शिकवावे. 'रायव्हर' म्हणून पाहावे. असा शब्द ऐकलेला नसेल, तर 'रिव्हर' म्हणून पाहावे. चूक करून ती स्वतः दुरुस्त करण्यास येथे वाव द्यावा लागतो आणि शिक्षकाला थोडा धीर धरावा लागतो.

६. दुर्बल स्वर. दोन अवयवांच्या इंग्रजी शब्दांत एका अवयवावर आघात असतो आणि दुसऱ्यातील स्वर पुष्कळदा क्षीण होतो. नामांत आघात बहुधा पहिल्या अवयवावर असतो. एल-ई-एम-ओ-एन मधील ओ 'ओ' असा उच्चारला जात नाही; तो आपल्या 'अ' जवळचा असतो. ए-बी-ओ-यू-टी मधील पहिला ए देखील तसाच. मराठी मुलाला हा स्वर नव्याने शिकवावा लागत नाही, कारण मराठीचा 'अ' त्याच्या तोंडी आहेच. लिहिलेला स्वर कोणताही असो, दुर्बल अवयवात 'अ' म्हणून पाहावे, एवढी सूचना पुरेशी असते.

वाचन आणि अर्थ

पाचव्या पायरीवर एक महत्त्वाची अट दडलेली आहे. 'रायव्हर' की 'रिव्हर' हा निवाडा ज्याने 'रिव्हर' हा शब्द कधी ऐकला आहे, तेच मूल करू शकते. इंग्रजी घरी बोलणाऱ्या मुलाच्या कानात असे हजारो शब्द असतात. छापील शब्द अर्धवट वाचला तरी ते कानातील शब्दाशी ताडून पाहते. साकोली वा लाखांदूर तालुक्यातील खेड्यातल्या मुलाकडे हा साठा नसतो. फिलिप गॉफ व विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडलेल्या सूत्रानुसार वाचनाचे आकलन हा शब्द उलगडण्याची क्षमता आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार असतो. गुणाकारात एक संख्या शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असून भागत नाही. म्हणून शब्द डोळ्यापुढे येण्यापूर्वी तो अर्थासह कानावर येणे आवश्यक आहे.

यासाठी शब्दांची निवड परिसरातून करावी. भंडारा हा भातशेतीचा, तलावांचा आणि पितळी भांड्यांचा जिल्हा. वैनगंगेसाठी 'रिव्हर', बांधीतील धानासाठी 'पॅडी', कापणीसाठी 'हार्वेस्ट', तुमसरच्या बाजारासाठी 'मार्केट', कोका अभयारण्यासाठी 'फॉरेस्ट' आणि 'टायगर', पितळेसाठी 'मेटल' हे सर्व दोन अवयवांचे शब्द आहेत. ज्या वस्तू मूल रोज पाहते, त्यांची इंग्रजी नावे आठवडाभर नुसती बोलण्यात आणून मग फळ्यावर लिहिली, तर वाचलेला शब्द त्याला ओळखीचा भेटतो.

अवयव आणि अर्थ यांचे नातेही स्पष्ट करावे लागते. काही शब्दांत दोन्ही अवयव अर्थपूर्ण असतात : 'क्लासरूम', 'फुटबॉल', 'सनसेट'. काहींत दुसरा अवयव प्रत्यय असतो : एफ-ए-आर-एम याला ई-आर लागून 'फार्मर', म्हणजे शेती करणारा. मराठीत 'शेत' वरून 'शेतकरी' होतो, हे सांगितले की प्रत्ययाची कल्पना लगेच पोहोचते. परंतु 'कारपेट' मध्ये ना कार आहे ना पाळीव प्राणी. 'पेपर' मधील ई-आर प्रत्यय नाही. अवयव हे आधी उच्चाराचे तुकडे आहेत, अर्थाचे क्वचित आहेत, ही जाणीव करून दिली नाही, तर हुशार मूलही चुकीचा अर्थ लावते.

बोलीचा उच्चार आणि वाचनातील चूक

जिल्ह्यातील अनेक मुलांची घरची बोली झाडीबोली आहे. तुमसरच्या बाजूला पोवारी आणि हिंदीही कानावर असते. झाडीबोलीत ण, ळ, छ, श, ष हे ध्वनी नाहीत. 'शाळा' हा प्रमाण मराठीतील शब्दही मूल 'सारा' या वळणाने बोलते. असे मूल एफ-आय-एन-आय-एस-एच हा शब्द 'फिनिस' असा वाचील. त्याने शब्द बरोबर ठिकाणी तोडला, दोन्ही स्वर बरोबर घेतले आणि अर्थही सांगितला, तर त्याचे वाचन बरोबर आहे; 'स' हा त्याच्या बोलीचा आहे. त्यास चूक म्हणून टोकल्यास जे त्याला येते तेही ते पुढच्या वेळी मोठ्याने वाचणार नाही. उच्चाराचा सराव स्वतंत्रपणे व सावकाश घ्यावा. मूल्यमापनाच्या वेळी तो वाचनात मिसळू नये.

मूल्यमापनासाठी दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात : शब्द उलगडता आला काय, आणि त्याचा अर्थ कळला काय. पहिल्यासाठी पाठ्यपुस्तकातील शब्द पुरेसे नाहीत, कारण ते पाठ झालेले असू शकतात. बी-ए-एस-एम-आय-टी असा निरर्थक शब्द दिला आणि मुलाने तो 'बॅस्-मिट्' असा वाचला, तर रीत आत्मसात झाली असे समजावे. दुसऱ्यासाठी भाषांतर न मागता वस्तूकडे बोट दाखवणे, चित्राशी जोडणे किंवा छोट्या वाक्यात कृती करून दाखवणे अधिक योग्य.

समारोप

वरील रीतीस मर्यादा आहेत. इंग्रजी लेखन नियमाने पूर्ण बांधलेले नाही. एका खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाजवळ वेळ थोडा असतो. आणि ज्या मुलाचे मराठी वाचनच कच्चे आहे, त्याच्या मराठीकडे आधी लक्ष द्यावे लागते. तरीही रोजची दहा मिनिटे आणि कागदाची एक पट्टी एवढ्यावर या कामाचा आरंभ होऊ शकतो.

महाविद्यालयांना यात तीन गोष्टी करता येतील. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी छात्राध्यापकांच्या सराव पाठांत दोन अवयवांच्या शब्दांचा एक पाठ ठेवावा. इंग्रजी विभागाने जिल्ह्याच्या परिसरातील दोन अवयवांच्या शब्दांची विभागणीसह यादी करून जवळच्या प्राथमिक शाळांना द्यावी. आणि मराठी विभागाने मराठीचा उच्चार व लेखन यांतील भेद, जो आपण वृत्ते शिकवताना सांगतोच, तो भावी शिक्षकांना समजावून द्यावा. पदवीच्या प्रथम वर्षात येऊन अजूनही लांब शब्दापाशी थबकणाऱ्या विद्यार्थ्यालाही हीच पट्टी आणि हीच रेघ उपयोगी पडते. त्याला ती लहान मुलांची युक्ती म्हणून न देता 'पुस्तक' चा 'पु' गुरू का, या प्रश्नापासून दिली, तर आपल्या भाषेचे जे ज्ञान त्याच्याजवळ आहे, त्याच्याच आधारे तो पुढचा शब्द वाचू लागेल.